मुखरूच्या नावाचा चेक

चिचबोडी गावात दोन तऱ्हेचे पैसे चालत. एक सरकारने छापलेले आणि दुसरे राजुऱ्याच्या फारूकभाईने लिहिलेले. दुसऱ्यांवर भरवसा जरा जास्त होता. सरकारने एकदा आपल्याच नोटा एका रात्रीत रद्द केल्या होत्या. फारूकभाईचा चेक मात्र चौदा वर्षांत एकदाही परत आला नव्हता.

फारूकभाई मासळीचा व्यापारी. तलावाचं पाणी उतरलं की गावातल्या अकरा जणांचा गट महाजाळ ओढी, आणि हा बर्फाचे डबे भरलेली पिकअप घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येई. माल तोलून झाला की गाडीच्या बॉनेटवर चेकबुक ठेवी, कपाळावरचा चष्मा नाकावर आणी आणि एक चेक लिही. अकरा जणांचा मिळून एकच. त्यावरचे 'किंवा वाहकास' हे छापील शब्द तो खोडत नसे, कोपऱ्यात दोन रेघाही मारत नसे. म्हणजे कागद ज्याच्या हातात, पैसा त्याचा.

बँक गोंडपिपरीला, बावीस किलोमीटरवर. तिथं जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. म्हणून चेक बँकेत लवकर जातच नसे. ज्याच्या नावाचा चेक तो मागे सही करून अंकुशच्या दुकानात देई, अंकुश शंभर रुपये कापून रोकड मोजी आणि अकरा जण वाटणी करून घरोघर जात. पुढे अंकुशला कोणाचं देणं निघालं की तोही मागे सही ठोकून चेक त्याच्या हातात देई. तो आणखी कोणाच्या. एका चेकने एका उन्हाळ्यात एक मंडप, एक मोटरपंप आणि एक दुभती म्हैस असे तीन व्यवहार उरकल्याचं गावात अजून सांगतात. शेवटी ज्याला गोंडपिपरीला काम निघे तो कागद घेऊन जाई. पैसे निघाले की फारूकभाईच्या मोबाइलवर मेसेज येई, आणि मगच तो पुढचा चेक लिही. एक गावात फिरत असताना दुसरा सोडायचा नाही, हा त्याचा नियम. तोवरच्या मालाचे पैसे रोख.

चेकच्या मागच्या बाजूला असं सगळं गाव सह्या करून असे. पुढच्या बाजूला नाव एकट्या मुखरूचं.

ही पुढची बाजू मनसाराम मांदाळेला चौदा वर्षं खुपत होती.

मुखरू त्याचा साडू. मनसारामची बायको प्रेमिला थोरली, मुखरूची रुपाली धाकटी. म्हणजे नात्यात मनसाराम मोठा, वयाने मोठा, आणि जाळ्यावरही मोठा. पाण्यात कतला कुठं दडला असेल हे त्याच्या पायाच्या बोटांना कळे. आणि नेमकं तेच आडवं आलं. पहिल्या वर्षी फारूकभाईने 'कोणाच्या नावाने लिहू' म्हणून विचारलं तेव्हा मनसाराम गळ्याइतक्या पाण्यात महाजाळाचं जड टोक धरून उभा होता. मुखरू काठावर तराजूपाशी कोरडा होता. तो म्हणाला, लिहा माझंच. त्या दिवसापासून फारूकभाईचा हात त्या नावाला बसला. मनसाराम पाण्याबाहेर आला तेव्हा शाई वाळली होती.

"ज्याच्या आंगाले थेंब नाई लागला, त्याचं नाव कागदावर," असं तो प्रेमिलाला वर्षातून निदान सहा वेळा सांगे. पहिल्या चार वर्षांत तिने ऐकून घेतलं. नंतर ती भांडी घासायला घेई.

मुखरूला त्या नावापायी एक रुपयाही जास्त मिळत नव्हता. हे मनसारामइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण अकरावा हिस्सा तोही घेत होता. पण हेवा करणारा माणूस रोकड मोजत नाही, तो वरकड मोजतो. लग्नात अंकुशने मुखरूसाठी खुर्ची पुढे केली, ही एक नोंद. बँकेतल्या कॅशियरने त्याला 'या मुखरूभाऊ' म्हटलं, ही दुसरी. हिला तर साक्षीदारही नव्हता, नुसती ऐकीव. रुपालीने मंगळसूत्राची पोत नवी गाठवली तेव्हा मनसारामने दोन दिवस हिशेब लावला आणि ती पोत तिने कापूस वेचून केली हे कळलं तरी नोंद खोडली नाही.

चौदाव्या वर्षी मार्चमध्ये तलाव मासेमारीला सुटला आणि फारूकभाईने सेहेचाळीस हजार आठशेचा चेक लिहिला. तारीख अकरा मार्च. नाव अर्थात तेच. मुखरूने मागे सही केली, अंकुशने रोकड दिली, वाटणी झाली.

त्याच आठवड्यात मनसारामने आपली हेल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी अंकुशला विकली. हेले थकले होते, अंकुशच्या सासऱ्याला हलक्या कामासाठी जोडी हवी होती. प्रेमिलाचा बेत ठरलेला: हे पैसे घ्यायचे, आणि तिच्या भावाच्या गावी सुकलू नावाच्या शेतकऱ्याकडे तिने एक तरणी जोडी पाहून ठेवली होती ती नांगरटीच्या आधी दारात बांधायची. सुकलूने जूनपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. भाव सेहेचाळीस हजार ठरला. अंकुशने मागे सही करून चेक पुढे केला आणि वरचे आठशे सुटे मागितले.

मनसारामने खिशातून आठशे रुपये काढून दिले आणि कागद उलटा करून पाहिला. मागे मुखरूची सही होती, लांब शेपटीची, अर्धी जागा खाणारी. तिच्या खाली अंकुशची. तिच्या खाली उरलेली बोटभर जागा त्याची. हेले त्याचे, चार वर्षं वैरण त्याने घातलेली, आणि आले काय तर मुखरूच्या नावाचे पैसे, तेही वर आठशे मोजून.

त्याने सही केली नाही. चेक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि धानाच्या कणगीत खोल खुपसला.

एप्रिलमध्ये मागचा लहान तलाव ओढला तेव्हा फारूकभाईने चेकबुक काढलं आणि परत खिशात ठेवलं. पहिला कागद अजून आला नव्हता. कोणाच्या हातात आहे, असं त्याने पाळीवर विचारलं. अंकुश तेव्हा सासुरवाडीला होता. बाकीच्यांनी खांदे उडवले. मनसारामनेही उडवले, आणि इतरांपेक्षा थोडे जास्तच. फारूकभाई म्हणाला, ज्याच्याजवळ असेल त्याने काढून घ्यावा, घरात लेकीची, शगुफ्ताची, शादी निघाली आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा पैसे लागतील, पण हे तेवढे मी खात्यात बाजूला ठेवले आहेत. आणि त्याने गटाला रोख दिले.

मुखरूच्या नावाचा चेक लिहिला गेला नाही. मनसारामला त्या दिवशी जेवण गोड लागलं. मग त्याच्या लक्षात आलं की कागद कणगीत आहे तोवर पुढचाही लिहिला जाणार नाही, त्याच्या पुढचाही नाही. आणि बेत तयार झाला. चेक तीन महिन्यांनी बाद होतो, एवढं त्याला माहीत होतं. अकरा जूनला हा कागद रद्दी झाला की फारूकभाईला बदली लिहून द्यावाच लागेल, आणि तो कोणाच्या नावाने लिहील? ज्याच्या हातात जुना आहे त्याच्या.

प्रेमिलाने रोज विचारायला सुरुवात केली. त्याने आधी बँकेत गर्दीचं कारण सांगितलं, मग ऊन, मग गुडघा.

"थो चेक का अंडे घालून राह्यला कणगीत?" तिने एकदा विचारलं. "अन् मुखरूचं नाव पाहून तुमचं पोट दुखते, तर मी काऊन बिनजोडीची राहू?"

तो गुडघा चोळत अंगणात गेला. 

मे महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी निकेश बसला. निकेश गावचाच, आता गोंडपिपरीला वकिली करतो. मनसारामने 'एका दूरच्या पाव्हण्याची' गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. निकेशने वरणभात कालवता कालवता पाव्हण्याचा बेत मोडीत काढला. चेक बाद झाला तर देणं बुडत नाही, पण कागदाचं बळ जातं. मग ज्याने दिला त्याच्या मेहरबानीवर किंवा दिवाणी कोर्टाच्या तारखांवर बसायचं. पाव्हण्याला सांगा, मुदतीत बँकेत दाखव. पैसे मिळाले तर मिळाले. नाहीच मिळाले आणि बँकेने परतीची चिठ्ठी दिली, तर मग पाव्हणा राजा. एकशे अडतीस कलम. तीस दिवसांत नोटीस, समोरच्याला पंधरा दिवस, नाही दिले की फौजदारी. कायद्यात अशा माणसाला यथाविधी धारक म्हणतात: ज्याने मोबदला देऊन, खऱ्या मनाने, मुदतीत कागद घेतला. चेक मुळात कोणाच्या नावाने होता याने त्याच्या हक्काला काही फरक पडत नाही. आणि मागे ज्यांनी सह्या केल्या तेही सुटत नाहीत. सही केली म्हणजे पुढच्याला हमी दिली.

मनसारामने या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली.

"नोटिशीवर पयलं नाव कोणाचं राह्यते?"

"नोटीस देणाऱ्याचं. धारकाचं."

"चेकवर ज्याचं नाव हाये त्याचं नाई?"

"त्याचं कायले? त्यानं तर सही करून हात झटकले," निकेश म्हणाला. "उलट नोटीस त्यालेबी जाऊ शकते. अन् काका, पाव्हण्याले सांगा, कणगीत उंदीर राह्यतात."

कणगीचं नाव मनसारामने घेतलं नव्हतं. पण गाव लहान आहे आणि प्रेमिलाचं तोंड तिचं स्वतःचं आहे.

त्यानंतर मनसारामच्या मनात जे सुरू झालं ते चिचबोडीत याआधी कोणाच्या मनात झालं नसेल. आपला चेक वटू नये, असं त्याला वाटू लागलं. वटला तर सेहेचाळीस हजार आठशे रुपये आणि मुखरूचं नाव जिथं होतं तिथं. परत आला तर छापील कागदावर सगळ्यांत वर मनसाराम, आणि खाली कुठं तरी, आरोपीच्या रांगेत, मुखरू. पण फारूकभाईचा चेक परत येतो कशाला? त्यावर उपाय फारूकभाईनेच सांगून ठेवला होता. जूनचा पहिला आठवडा, लग्नाचा खर्च, रिकामं खातं.

आठ जूनला, लग्न आटोपून दोन दिवस झाल्यावर, मनसाराम गोंडपिपरीच्या बसमध्ये चढला. काउंटरवर चेकच्या मागे उरलेल्या बोटभर जागेत त्याने सही केली, बारीक पण पुरी. कॅशियरबाईंनी संगणकात पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि म्हणाल्या, खात्यात तेवढी रक्कम नाही. फारूकभाईचं खातं इतकी वर्षं पाहत आल्यामुळे त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. दोन दिवस थांबता का, त्यांना फोन करून पाहते, असं त्या म्हणाल्या. मनसाराम म्हणाला, फोन नको, चिठ्ठी द्या.

ती चिठ्ठी घेऊन तो निकेशच्या टेबलाशी आला तेव्हा त्याचा चेहरा मुलगा पास झालेल्या बापासारखा होता. निकेशने चेक परत आल्यावर रडणारे पुष्कळ पाहिले होते.

"काका, हे पैसे तुमचेच होते न?" त्याने खात्री करून घेतली.

नोटीस टाइप झाली. निकेशने वाचून दाखवायला घेतली. वर, मधोमध, ठळक: धारक श्री. मनसाराम सोमा मांदाळे, राहणार चिचबोडी. मनसारामने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग पुढचा मजकूर आला: श्री. मुखरू यांच्या नावे काढलेला धनादेश. श्री. मुखरू यांनी पृष्ठांकित करून दिलेला. उपरोक्त श्री. मुखरू यांच्या नावे असलेला सदर धनादेश. मनसाराम बोटं मोजू लागला. दोन पानांत त्याचं नाव चार वेळा आलं होतं, मुखरूचं नऊ वेळा.

त्याने ते नाव काढायला सांगितलं. निकेश म्हणाला, काढता येत नाही. चेक कोणता ते कोर्टाला कळायला पाहिजे, आणि चेकची ओळख त्यावरच्या नावानेच होते. मग निदान कमी करा, मनसाराम म्हणाला. निकेशने दोन ठिकाणी 'सदर इसम' घातलं. सात उरली. मनसारामने उद्या सही करतो म्हणून कागद तसाच ठेवला आणि चेक, चिठ्ठी घेऊन शेवटच्या बसने परतला. सातांमध्ये अजून काही कमी करता येतील का, याचा विचार तो फाट्यापर्यंत करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फारूकभाई आला. पिकअप रिकामी, बर्फ नाही, डबे नाहीत. बँकेचा मेसेज त्याला आदल्या दुपारीच गेला होता आणि कॅशियरबाईंनी नावही सांगितलं होतं. तो सरळ मनसारामच्या दारात न जाता पाळीवर थांबला. चौदा वर्षांचा व्यवहार जिथं झाला तिथंच बोलायचं, असं त्याच्या मनात असावं. दहा मिनिटांत गटातले बहुतेक जमले. अंकुश आला, मुखरू दात घासत आला. मनसारामला बोलवायला गेलेल्याबरोबर प्रेमिलाही आली.

फारूकभाईने आवाज चढवला नाही. शादीच्या घरात पाहुणे बसले असताना आपला चेक परत गेल्याचा मेसेज आला, मोठ्या जावयाने वाचला, एवढंच त्याने सांगितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. एप्रिलमध्ये मी विचारलं, मे महिन्यात दोनदा फोन करून, ज्याच्याजवळ चेक असेल त्याच्यासाठी, अंकुशकडे निरोप ठेवला, तीस मेपर्यंत पैसे खात्यात पडून होते, मग उचलले.

"मनसारामभाऊ," तो म्हणाला, "एप्रिलमधी मी हितंच विचारलं. तुमी हितंच उभे होते ना?"

मनसाराम तलावाकडे पाहत राहिला.

"माझ्यावर भरोसा नव्हता तर तसं बोलायचं. मी त्याच दिवशी रोख दिले असते."

भरोशाचा प्रश्नच नव्हता, हे पाळीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फारूकभाईला ठाऊक नव्हतं, कारण तो राजुऱ्याला राहत होता. कोणी तरी खाकरलं. मुखरूने चूळ भरली.

फारूकभाईने रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या. सेहेचाळीस हजार आठशे, वर बसभाड्याचे आणि खाड्याचे पाचशे. कागद द्या, हे घ्या, आणि मिटवा. पैसे देणाऱ्याला आपला कागद परत मागण्याचा हक्क आहे, हे निकेशने सांगितलेलं मनसारामला आठवलं. म्हणजे नोटा घेतल्या की चेक गेला. चेक गेला की चिठ्ठी गेली, नोटीस गेली, धारक गेला. गोंडपिपरीच्या टेबलावर ठळक अक्षरांतलं त्याचं नाव न सही होताच रद्दीत जाणार.

"घ्या पैसे," प्रेमिला म्हणाली. "तीन महिने कणगीत राह्यला थो कागद. सुकलू उद्यापर्यंतच थांबून हाये."

मनसारामने बंडीच्या खिशातून चेक काढला, पण हात पुढे केला नाही.

"रोख नाई पायजे मले," तो म्हणाला. "बदली चेक लिहा. माह्या नावानं."

 प्रेमिलाने नवऱ्याकडे असं पाहिलं जसं बाजारात आपलं मूल दुसऱ्याच बाईचा पदर धरून चाललेलं दिसावं.

 फारूकभाईच्या सगळं एकदम लक्षात आलं असावं, कारण त्याने मुखरूकडे पाहिलं, परत मनसारामकडे पाहिलं, आणि नोटा रुमालात बांधल्या.

"बस, एवढंच होतं?" तो म्हणाला. "चौदा वर्षांत एकदा बोलले असते, तर चौदा वेळा लिहिलं असतं."

त्याने चेकबुक बॉनेटवर ठेवलं, चष्मा नाकावर आणला. पैसे आज दुपारीच खात्यात भरतो म्हणाला. पूर्ण नाव विचारलं. मनसारामने सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, जसं जनगणनेवाल्याला सांगावं. फारूकभाईने लिहिलं. मनसाराम पेनाचं टोक पाहत होता. मनसाराम, मग सोमा, मग मांदाळे. त्याच्या छातीतून चौदा वर्षांचं पाणी उतरल्यासारखं झालं.

म्हणूनच पुढे पेन काय करतं आहे, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. फारूकभाईने 'किंवा वाहकास'वर आडवी रेघ ओढली. मग वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या आणि त्यांच्यामध्ये बारीक अक्षरात 'फक्त खात्यात' लिहिलं. ते पाहिलं अंकुशने. त्याने जीभ टाळूला लावून एक आवाज काढला.

"हा माह्या दुकानात नाई चालणार," अंकुश म्हणाला. "कोणाच्याच नाई चालणार."

"हां," फारूकभाई म्हणाला. "आता कोणताच नाई चालणार. गटात अकरा जण, पुढच्या टायमाला चेक अकरा. ज्याचा त्याच्या नावाने, ज्याचा त्याच्या खात्यात. मी पण म्हातारा होऊन राह्यलो, कोणाच्या कणगीत माझी इज्जत किती दिवस ठेवू?" मग तो मनसारामकडे वळला. "अन् भाऊ, नावांची यादी तुमी आणायची. पासबुकवर जसं आहे तसं. एक अक्षर चुकलं तर बँक परत करते. तुमालाच हौस आहे, तुमीच करा."

जुना चेक त्याने घेतला, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले.

मुखरूने पाय ओढत जवळ येऊन नवा चेक पाहिला. वाचायला त्याला थोडा वेळ लागला.

"बेस आलं नाव, साडभाऊ," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मनसारामने तो शोधला, उलटून पालटून पाहिला, पण नव्हताच. "बरं झालं एक. त्या चेकापायी अंकुश मले बाहेरगावी जाऊ देत नव्हता, सही पायजे म्हणून. रुपालीच्या मावशीची तेरवी चुकली माह्यी."

पुढचं थोडक्यात. मनसाराम दुपारच्या बसने चेक भरायला गेला तेव्हा कळलं की त्याचं खातं सात वर्षं झोपलेलं आहे. आधार जोडा, फोटो द्या, अंगठा द्या, मग उठेल. ते उठायला तेरा दिवस लागले. सुकलूची जोडी दहा तारखेलाच मूल गावच्या एका माणसाने नेली. प्रेमिलाने तासावर ट्रॅक्टर लावून धानाच्या बांध्या नांगरल्या, पैसे आपल्या बचत गटातून उचलले, आणि त्या महिन्यात नवऱ्याशी जे काही बोलायचं ते शेजारच्या भिंतीला उद्देशून बोलली. भिंतीपलीकडे रुपालीचं घर होतं, त्यामुळे उत्तरं मिळत. गावात चेक फिरायचा थांबला. पुढच्या हंगामात गटातल्या झाडू नावाच्या गड्याने मंडपवाल्याला फारूकभाईचा चेक देऊ केला तेव्हा मंडपवाल्याने कोपऱ्यातल्या दोन रेघांवर नख आपटून तो परत केला, आणि दोघांनीही मनसारामच्या घराकडे पाहिलं.

इकडे जूनअखेर पैसे खात्यात आल्यावर मनसारामने पासबुक छापून घेतलं. त्यात फारूकभाईचं नाव होतं, रक्कम होती. त्याचं स्वतःचं नाव फक्त पुठ्ठ्यावर होतं, जिथं सात वर्षं होतंच.

पुढचा तलाव फेब्रुवारीत सुटला. पाणी चांगलं होतं, कतला हातभर लांब. पण मनसाराम पाण्यात नव्हता. तो पाळीवर बॉनेटपाशी उभा होता, हातात अकरा पासबुकं, आणि फारूकभाईला नावं सांगत होता. जड टोकाला झाडूला उभं केलं होतं आणि तो ते नीट धरत नव्हता, हे इथून दिसत होतं, पण ओरडायला गेलं की नाव चुकत होतं. वारलू म्हणजे वा की व्हा, असं फारूकभाईने विचारलं. बॉनेट तापलं होतं. सहा चेक झाले होते, पाच व्हायचे होते, आणि प्रत्येकाच्या नावातल्या चुकीला आता तोच जबाबदार होता.

तोलाई आटोपून मुखरू मोहाच्या झाडाखाली गेला होता. त्याला आता सही करायची नव्हती, अंकुशकडे जायचं नव्हतं, कोणाला वाटणी मोजून द्यायची नव्हती. त्याने दुपट्टा तोंडावर घेतला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला.

"पुढचं नाव?" फारूकभाईने विचारलं.

मनसाराम झाडाखाली पाहत होता. दुपट्टा श्वासाबरोबर वर उचलला जात होता आणि सावकाश खाली बसत होता. कोणाला इतकी निवांत झोप लागते, आणि कशाच्या बळावर, असं त्याच्या मनात आलं. आपल्याला अशी दुपारची झोप शेवटची कधी लागली होती, ते तो आठवू लागला.

"भाऊ, पुढचं नाव."

"मुखरू," तो म्हणाला.